लवंगा सापडेपर्यंत

हरतालिकेच्या आदल्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, मी माझ्या बायकोच्या उजव्या हाताला मेंदी लावली. जन्मात पहिल्यांदा.

ती आंगणात निंबाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. डावा हात तिनं स्वतःच करून घेतला होता. तळहाताच्या मधात एक भरीव गोल, त्याच्याभोवती ठिपके, आणि पाचही बोटांची टोकं पहिल्या पेरापर्यंत भरलेली. आमच्याकडची जुनी रीत तेवढीच. गोलाला चंद्र म्हणतात आणि बोटांना टोप्या. उजवा हात कोरा होता, मांडीवर पालथा ठेवला होता. त्याच्याकडं ती बघतही नव्हती. मी समोर बाजेवर पडून होतो, मला ते दिसत होतं.

ज्यानं कधी मेंदी लावली नाही त्याला यातली गोम कळत नाही. डावा हात बाई स्वतः करते. उजवा कोणीतरी दुसऱ्यानं करावा लागतो. तिचा उजवा हात तीस वर्षं समोरच्या घरची बाई करायची आणि त्या बाईचा उजवा माझी बायको. दोघींचं ठरलेलं होतं. ती बाई गेल्या साली लेकाकडं अमरावतीला राहायला गेली. त्याची तिथं कोचिंगच्या पोरांसाठी मेस आहे, म्हातारीचा हात पोळ्यांना कामी पडतो. त्या दिवशी सकाळी बायकोनं तिला फोन लावला होता.

"येतं काय वो? मेंदी वाटली मीनं."

"कशी येऊ माय, चाळीस पोट्टे जेवाले बसते."

"मंग तुहा उजवा हात कोन करते आता?"

"कोनच करते!" तिकडून ती बाई म्हणाली आणि एवढी हसली की मला बाजेवर ऐकू आलं. "दाराशी पोरगी येते कोन घिऊन. पाच मिनिटात दोन्ही हात. बेलबुट्टे, मोर, समदं. पाहून घेजो, फोटो धाडतो."

बायकोही हसली. फोन ठेवला आणि मग हसली नाही. "दोन्ही हात," एवढंच म्हणाली.

म्हणून दुपारी मीच उठलो. म्हटलं, "आन इकडं. मी लावतो."

"तुमाले? डोकं फिरलं काय?"

"आन म्हनलं तं आन."

तिनं हात पुढं केला. मी वाटीतली मेंदी बोटावर घेतली. माझी बोटं डवऱ्याच्या मुठीनं घट्टे पडलेली, जन्मभर शेतात वखर आणि डवरा धरलेला. चंद्र काढायला गेलो तर तो एका बाजूला वाहत गेला.

"हा चंद्र हाय काय?" ती म्हणाली. "हे तं शेनाची गवरी थापली तुमी."

"गप बस. हालू नको."

"पोरीनं पाह्यलं तं इचारन, आई, हातावर कोनाचा पाय पडला?"

मग तिच्या नाकाला खाज सुटली. दोन्ही हात भरलेले. मी खाजवून दिलं तर तिच्या नाकाच्या शेंड्याला मेंदी लागली, ती मी धोतराच्या सोग्यानं पुसली. ती खूप हसली. चहा केला, बशीत ओतून तिला पाजला. माझ्या हाताची मेंदी मी धुतली नाही, तिच्या टोप्या भरायच्या राहिल्या होत्या. पाचही भरल्या. ती म्हणाली, "संध्याकाळपावतर पानी लागू देऊ नका बरं. नाई तं तुमची मेहनत वाया."

एवढंच. आमचं दोघांचं हे शेवटचं साधं काम.

मी चौथी शिकलेला माणूस, मला फिरवून लिहिता येत नाही. लोक मला येऊन सांगतात, बावाजी, भाग्याची बाई, रंगल्या हातानं गेली, सवाष्ण गेली. मी मान हलवतो. त्या दुपारी पुढं काय झालं ते मी कोणाला सांगितलं नाही, पोरीलाही नाही. इथं सांगतो. पण त्याआधी तिच्या मेंदीचं सांगावं लागेल, नाहीतर माझी चूक समजायची नाही.

ती लग्नात आली तेव्हा तिच्या आईनं सामानाबरोबर मेंदीची एक फांदी ओल्या फडक्यात बांधून दिली होती. अकोल्याकडचं तिचं माहेर. ती फांदी तिनं आमच्या न्हाणीच्या सांडपाण्यावर लावली. लागली. पुढं तिचं कुंपणच झालं. गावात कोणाचंही लग्न असो, मांडवाच्या आदल्या दिवशी बाया टोपली घेऊन आमच्या कुंपणाशी. ईदच्या आधी मोहल्ल्यातल्या दोघी-तिघी पाला न्यायच्या, जाताना शीरखुर्म्याचं सांगून जायच्या आणि खरंच आणून द्यायच्या. पाला तोडायची रीत होती, शेंड्याचा कोवळा घ्यायचा, जून पानाला रंग नाही. पाट्यावर वाटायचा, वाटताना काथ आणि चहाचं पाणी. लोखंडी तव्यात भिजत ठेवायचा. वाटणाऱ्या बाईचा हात आधी लाल व्हायचा, मग नवरीचा.

नवरीला मेंदी माझीच बायको लावायची. फडा झाडूची हिरकाडी सोलून, तिच्या टोकानं. नवरी कधी रडायची, कधी झोपायची, कधी हात हलवायची. हलवला की ही चापट मारायची. "हालू नको व बयताड, सासू म्हनन आईनं काई शिकोलं नाई." सगळ्या बाया हसायच्या. नवरीच्या हाताला रंग गडद चढला की नवऱ्याचा जीव आहे म्हणतात, फिका राहिला की पोरीला वर्षभर टोमणे. म्हणून ही रंगाच्या बाबतीत फार कडक.

तिचे दोन नियम होते. एक, हात गरम पाहिजे. रंगाला अंगाची ऊब लागते. नवरीचे हात भीतीनं थंड पडलेले असले तर ही मेंदी लावायच्या आधी ते चुलीसमोर धरायला लावायची. म्हणायची, "थंड हाताले मेंदी लावनं म्हंजे भिंतीले लावनं." दुसरा नियम, मेंदी वाळली की तव्यावर लवंगा तापवायच्या आणि त्या धुरावर हात धरायचे. लवंगांच्या धुनीनं रंग काळपट लाल होतो. हात थंड वाटले तर मग लवंगांची धुनी पक्कीच. हे मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं ओसरीवर बसून ऐकलं. मला हे पाठ होतं. हेच मला पाठ होतं.

मग मेंदीचे तयार कोन आले. अमरावतीच्या पोरी लग्नात यायला लागल्या, पुस्तकातून मोर काढून द्यायच्या. चंद्र आणि टोप्या कोणाला नकोत. हिला बोलावणं बंद झालं असं नाही. मांडवात मानाची खुर्ची द्यायचे, "काकू, शकुनाचा एक ठिपका लावा तेवढा" म्हणायचे. ही एक ठिपका लावायची आणि घरी यायची. मी विचारायचो, "झालं एवढ्यात?" ती म्हणायची, "झालं." मग आमच्या घरात मेंदी फक्त हरतालिकेची राहिली. हरतालिकेला बाया दिवसभर पाणीसुद्धा न पिता उपास करतात, नवऱ्याच्या आयुष्यासाठी. तिनं सत्तेचाळीस केले. साखरेच्या दुखण्याची गोळी चालू झाली तेव्हा पोरीनं अकोल्याहून फोनवर दम भरला, उपास करायचा नाही. ही फोनवर हो म्हणायची आणि उपास करायची. माझ्या आयुष्यासाठी. मला मिळालंही. बसलोय घेऊन.

आणि एक गोष्ट. लग्नाच्या दुसऱ्या साली, असाच हरतालिकेचा आदला दिवस होता. माझी आई, काका, दोन चुलत भाऊ ओसरीवर बसलेले. बायकोनं आतून डावा हात रंगवून बाहेर डोकावून मला हळूच म्हटलं, "उजवा तेवढा करून देता काय?" अठरा-एकोणीस वर्षांची असेल. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मी काय हातात बांगड्या भरल्या काय?" भाऊ हसले. काका हसले. ती आत गेली. त्या साली तिचा उजवा हात कोराच राहिला आणि गावातल्या सगळ्या बायांनी पाहिला. नंतर तिनं मला कधी विचारलं नाही. सेहेचाळीस वर्षं. मीही कधी म्हटलं नाही. तिचं माहीत नाही, मी विसरलो नव्हतो. म्हणून त्या दुपारी बाजेवरून उठलो.

चहा पाजून झाल्यावर मी पुन्हा बाजेवर बसलो. ती खुर्चीवर दोन्ही हात उताणे ठेवून बसली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "डावा हात ओढून राहिला."

मी म्हटलं, "वाळली की ओढतेच मेंदी."

"खांद्यापावतर ओढून राहिला."

"कालपासून पाट्यावर बसली तू. खांदा नाई दुखन तं काय होईन?"

मेंदी वाटताना मी तिला दोनदा म्हटलं होतं, मिक्सरमध्ये कर. तिनं ऐकलं नव्हतं. मला वाटलं तेच आलं खांद्यात.

मग ती म्हणाली, "हात थंड पडून राहिले वो."

आता हे वाचणाऱ्या शिकलेल्या माणसाला कळलंच असेल. मला नाही कळलं. मेंदी थंडच असते. उन्हाळ्यात आम्ही तळपायाला लावतो, उष्णता ओढून घ्यायला. मला वाटलं तिला रंगाची काळजी लागली. मी लावलेला हात, पहिल्यांदा लावलेला, तो फिका राहील म्हणून बोलून राहिली. मी म्हटलं, "लवंगाईची धुनी देऊ काय?"

तिनं मान हलवली. हो म्हणून हलवली की कशी, ते मला आता सांगता येत नाही. मी हो धरलं.

स्वयंपाकघरात गेलो. तवा गॅसवर ठेवला. मसाल्याचा डबा उघडला, त्यात लवंगा नव्हत्या. वरच्या फळीवर डबे होते, एकेक काढून वास घेऊन पाहिला. ज्या घरात जन्मलो त्या घरात लवंगा कुठं असतात मला माहीत नव्हतं. मी तिथूनच ओरडलो, "लवंगा कुठी हायेत?"

ती म्हणाली, "डबीत."

"कोनत्या डबीत?"

उत्तर आलं नाही. मला वाटलं चिडली. ती चिडली की बोलत नसे, पहिल्यापासून. म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. फळीवरच्या सगळ्या डब्या पाहिल्या. चहाच्या डब्यामागं पाहिलं. तवा तापून धूर सुटला, गॅस बारीक केला. मग आठवलं, आरतीच्या वेळी ती कापूर काढायची तेव्हा त्याच्यासोबत काहीतरी काळं असायचं. कापूर उडून जाऊ नये म्हणून बाया त्यात लवंगा टाकून ठेवतात. देव्हाऱ्याशी गेलो. कापराच्या डबीत होत्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, सापडल्याचा आनंद झाला मला. दहा-बारा लवंगा तव्यावर टाकल्या, फुगेपर्यंत थांबलो. फडक्यानं तवा धरून आंगणात आलो आणि म्हटलं, "घे, धर हात."

तिची मान एका बाजूला पडली होती. तोंडावर घाम. हात तसेच उताणे, मेंदी लागू नये कुठं म्हणून जपल्यासारखे.

मी तवा खाली टाकला. ओरडलो. रस्त्यावरून एक सवारीची जीप दर्यापूरकडं निघाली होती, तिच्यातल्या लोकांनी उतरून हिला आत घेतलं. श्वास चालू होता. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. कोणीतरी म्हणालं, "हात चोळा, बावाजी, हात." मी चोळले नाहीत. मेंदी पुसली जाईल म्हणून. असं डोक्यात आलं मला, त्या वेळीसुद्धा.

दवाखान्यात नर्सनं तिच्या उजव्या हाताच्या बोटाला चिमटा लावला, त्याच्यावर आकडे दिसतात. आकडे येईनात. दुसऱ्या बोटाला लावला. "बाबा, हे काय लावून आनलं? धुवा लवकर." तिथं एक पाण्याची बाटली होती. मी तीन बोटांच्या टोप्या धुतल्या. संध्याकाळपर्यंत पाणी लागू देऊ नका, असं तिनं सांगितलं होतं, आणि मीच धुतल्या. अंगठ्यानं घासून घासून. मेंदी निघाली, खाली पिवळट बोटं. चिमटा लागला. आकडे आले तेही कामाचे नव्हते.

डॉक्टर तरुण होता. त्यानं धावपळ केली, त्याला बोल नाही. सगळं झाल्यावर त्यानं मला बाकड्यावर बसवलं आणि विचारलं, "बाबा, त्रास कधी सुरू झाला?"

"हात थंड पडले तवा."

"मग लगेच निघाले का तुम्ही?"

"नाई."

"किती वेळ गेला मधात?"

मी म्हटलं, "लवंगा सापडेपर्यंत."

त्याला समजलं नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उठून गेला. त्याला वाटलं असेल म्हातारा बरळतो. त्यानं पुन्हा विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं. विचारलं नाही. ती दिवस मावळायच्या आत गेली.

रात्रीचं मला लिहायचं नाही. पोरगी अकोल्याहून आली, तेवढं लिहितो.

सकाळी हरतालिका. गावातल्या बाया आल्या. एकेक आंगणात येत होती आणि प्रत्येकीचे हात लाल. उपाशी बाया, रंगलेले हात. त्यांनी हिला आंघोळ घालायला घेतलं तेव्हा मी दाराशी जाऊन म्हटलं, "उजव्या हाताले पानी लावू नका."

एक म्हातारी म्हणाली, "बावाजी, असं कसं? आंघोय हाय हे."

"नका लावू म्हनलं न."

पोरगी आतून म्हणाली, "राहू द्या, काकू."

मी बाहेर ओसरीवर बसलो. तवा भिंतीशी कोणीतरी सारून ठेवला होता, त्यात जळक्या लवंगा तशाच. चहाचा कप घेऊन एक माणूस आला, कप धरायला मी हात पुढं केला तर तो बघतच राहिला. माझ्या उजव्या हाताचं बोट. टोकापासून दुसऱ्या पेरापर्यंत गडद, काळपट लाल. माझी मेंदी कोणी धुतली नव्हती. धावपळीत ती बोटावरच वाळली, रात्रभर राहिली. नवरीला चढत नाही असा रंग माझ्या बोटाला चढला होता.

हिरवं लुगडं नेसवून झालं, हिरव्या बांगड्या भरून झाल्या. मग मला आत बोलावलं. सवाष्ण गेली तर तिच्या कपाळाला शेवटचं कुंकू नवऱ्यानं लावायचं असतं. मी लावलं. डावा हात पाहिला. चंद्र लाल, टोप्या लाल. उजवा पाहिला. माझी वाहून गेलेली गवरीसुद्धा लाल झाली होती. पण तीन बोटं पिवळी, हळद पुसल्यासारखी.

"भाग्याची वो," कोणी बाई म्हणाली. "दोन्ही हात रंगले."

मी उठलो. स्वयंपाकघरात गेलो. उरलेली मेंदी ती कधी फेकत नसे. ओट्यावर वाटी होती, ताटलीनं झाकलेली, तिनंच झाकलेली. वरून सुकली होती. थोडं पाणी घातलं, बोटानं कालवली. वाटी घेऊन तिच्याजवळ येऊन बसलो आणि तिचा हात मांडीवर घेतला.

"बावाजी, काय करून राहिले?" ती म्हातारी म्हणाली. "मेल्यावर नाई लावत."

"तीन बोटं राहिली."

"बाबा," पोरगी म्हणाली, "बाहेर लोक थांबले. वाळन नाई ते."

"मले माईत हाय."

मी अंगठ्याजवळच्या बोटाची टोपी भरली. मग मधल्याची. मग तिसऱ्याची. ती हालली नाही म्हणून या वेळी बरोबर आल्या, पेराच्या रेषेपर्यंत, कुठं वाहिल्या नाहीत. वाटी बाजूला ठेवली. मग तिचा हात माझ्या दोन्ही हातांमध्ये धरून बसलो, टोप्यांना धक्का लागणार नाही असा. ऊब यावी म्हणून. बाहेरून दोनदा आवाज दिला, चला म्हणून. मी बसून राहिलो. माझे हात गरम होते. तिचा काही गरम झाला नाही. तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा पोरीनं माझी बोटं एकेक करून सोडवली.